टवका

आर्वैखेरच्या दवाखान्यात माझं काम एवढंच:
दार लावायचं, शिशाचा एप्रन चढवायचा,
"हलू नका" म्हणायचं, बटण दाबायचं.
उमटतं त्याला नाव द्यायचं काम डॉक्टरांचं.
मी बघते.
एकोणीस वर्षं बघतेय.

नादामच्या तिसऱ्या फेरीत पडला च्योइनखोर.
पाडला कुणीच नाही. गवतात मार्मटचं बीळ होतं,
पाऊल आत, देह बाहेर.
एकशे बारा किलो.
हाडाचा पैलवान, सारा तालुका म्हणतो.
माझ्या टेबलावर पाय मात्र
अंडं ठेवावं तसा ठेवला.

घोट्याच्या बाहेरच्या कडेला टवका,
तांदळाच्या कणीएवढा.
कपाच्या काठाचा उडतो ना, तसा.
"एवढाच?"
आणि मग, जरा रागानेच,
"एवढ्यापायी मला उठता आलं नाही?"

बायको म्हणाली प्लास्टर,
आई म्हणाली हाडवैद्य.
दोन्ही झालं.
गोम्बोसुरेन आजोबा आले, डोळे मिटून
अंगठा फिरवत राहिले सुजेवरून,
आणि थांबले नेमके तिथेच,
जिथे माझ्या यंत्राने बाण काढला होता.
म्हणाले, "मोठं हाड मोडलं तर बोंब मारतं,
सगळं अंग धावून येतं त्याच्याकडे.
टवका मुका असतो.
त्याला रोज विचारावं लागतं."

दोन आठवड्यांनी चित्र उलट बिघडलं.
भेग रुंद झाली होती.
बायको रडायला लागली, तिला मीच सांगितलं
(मला सांगायची परवानगी नाही):
आधी कडा खरवडतं शरीर,
गवंडी जुना चुना खरवडतो तसं.
स्वच्छ केल्याशिवाय नवं धरत नाही.

बाहेर बाकावर त्याची एनेरेल
शागाई फेकत बसायची.
मेंढीच्या घोट्याची हाडं, पायातलं तेच हाड
जे बापाचं फुटलं होतं.
घोडा, उंट, मेंढी, बकरी,
पडेल ती बाजू.
त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला.
"हे सारखं उंटच पडतं," ती म्हणाली.
मग टाकून का देत नाहीस?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी खुळी आहे.
"मोजणीत आहे ना ते."

चौथ्या आठवड्यात धुकं.
मला ते धुकं आवडतं.
इतक्या वर्षांत एवढं एकच
मला डॉक्टरांच्या आधी दिसतं.
रक्ताची गाठ, गाठीची कूर्चा,
कूर्चेत कुठूनतरी झिरपणारा चुना,
कुणी न सांगता, रात्रपाळीत.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर कापलं.
पोटरी कोकरासारखी बारीक,
केस ओले, वास आंबलेल्या दुधाचा.
प्लेटवर अजून एक रेष उरलेली,
केसाएवढी.
डॉक्टर म्हणाले, "हाडाने नाही धरलं,
चिवट धाग्यांनी धरलंय. चालेल.
सुटून सांध्यात फिरायला लागलं, अडकायला लागलं,
तर उलानबातारला दोन छिद्रांतून काढून घेऊ."

"म्हणजे जुळलं की नाही?"

डॉक्टर कागद शोधत राहिले.
मी प्लेट पाकिटात घातली.
हाडवैर नव्हतं त्या दोघांत, एवढं खरं;
मधे काहीतरी होतं, धरून ठेवणारं,
जे माझ्या यंत्राला दिसत नाही.
असे संसार पाहिलेत मी पुष्कळ.
तीस-तीस वर्षं टिकतात.

काठी धरून तो निघाला. बोळ अरुंद.
मी वळताना त्याचा पाय माझ्या पायाला लागला.
आमच्याकडे पायाला पाय लागला
की लगेच हात मिळवायचा,
भांडण असो, ओळख नसो,
आधी हात.
त्याने काठी भिंतीला टेकवली, हात पुढे केला.
मोठा, कोरडा, ऊबदार हात.
मी धरला,
आणि सवयीने खाली पाहिलं.

सगळा भार त्याच पायावर होता.
त्याला ते कळलं नव्हतं.
मी बोलले नाही.
मागे बाकावर
हाडं खुळखुळली, पडली,
आणि एनेरेल मोजू लागली.